कबुली

बसथांब्यावरचा तो म्हातारा अधूनमधून आठवतो, आणि आठवला की मी जिथे असेन तिथे जरा ओशाळते. २०१९च्या ऑगस्टमधला शेवटचा शुक्रवार होता. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर, मोरिया या निर्वासितांच्या छावणीच्या फाटकाबाहेर, मितिलिनी शहरात जाणाऱ्या बसची वाट बघत मी उभी होते. दहा आठवड्यांची इंटर्नशिप त्या दुपारी संपली होती. रात्रीच्या बोटीने अथेन्सचं बंदर पिरेअस, तिथून विमानाने जर्मनी, असा बेत. हातात पारदर्शक प्लास्टिकचं फोल्डर, आत एकच कागद: माझं नाव, एक सही आणि निळा गोल शिक्का. शेजारी एक अफगाण म्हातारा उभा होता. एका हातात तस्बीह (जपमाळ), दुसऱ्यात नुकताच भट्टीतून काढलेला नान. ऑलिव्हच्या झाडांखाली लोकांनी जमिनीत तंदूर खणले होते, त्यामुळे संध्याकाळ झाली की त्या सगळ्या धूळ-घाण-धुराच्या वासातून मध्येच भाजलेल्या पिठाचा वास यायचा आणि भूक नसली तरी भूक लागायची. म्हातारा बराच वेळ माझ्या फोल्डरकडे बघत होता. शेवटी त्याने शिक्क्याकडे बोट दाखवून विचारलं, “कबुली?”

आपल्याकडे कबुली म्हटलं की पोलीस चौकी आठवते. पण तिथे अडीच महिने काढल्यावर मला ठाऊक झालं होतं की छावणीतल्या अफगाणांच्या तोंडी कबुली म्हणजे आश्रयाचा अर्ज मान्य झाल्याचा कागद. मान्य नाही झाला तर ‘रद्द’. हा शब्द आपल्याच अर्थाने. म्हाताऱ्याने माझा सावळा रंग बघितला, धुळीने भरलेले बूट बघितले, शिक्का बघितला, आणि मी त्यांच्यातलीच कुणीतरी आहे, सुटले आहे, असं समजला.

मी मान हलवली.

का हलवली, ते आजही नीट सांगता येत नाही. दमले होते, समजावून सांगायला शब्द नव्हते, बस येतच होती, असली सगळी कारणं आहेत. पण खरं म्हणजे ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढे ‘मग काय आहे हे?’ हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्या रांगेत उभं राहून द्यायची माझी हिंमत नव्हती. म्हाताऱ्याने तस्बीहवाला हात छातीवर ठेवला. “मुबारक, दुख्तरम, मुबारक.” मग विचारलं, “जर्मनी?” मी म्हटलं, “जर्मनी.” हे तरी खरं होतं. तो बोळक्या तोंडाने हसला आणि तळहात पुढे करून म्हणाला, “शिरिनी?”

शिरिनी म्हणजे गोड खाऊ. चांगली बातमी ज्याची, त्याने तो वाटायचा. आपण पेढे मागतो तसं. माझी आजी मलंगगडावर जाऊन आली की चुरमुरे आणि बत्तासे कागदाच्या पुडीत घेऊन यायची. त्याला ती शिरणी म्हणायची. कल्याणच्या आमच्या गॅलरीत उभं राहून मलंगबाबाची शिरणी खाताना हा शब्द कुठून आला, हे कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. माझ्या सॅकमध्ये आईने मावसभावाबरोबर जर्मनीला पाठवलेला आलेपाकाचा डबा होता, त्यात दहा-बारा वड्या उरल्या होत्या. मी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एक वडी तोंडात टाकली, आलं लागल्यावर डोळे मिटले, ठसकला, हसला, आणि डबा हातात घेऊन रांगेतल्या प्रत्येकासमोर फिरवत गेला. प्रत्येकाला काहीतरी सांगत होता, त्यातलं ‘कबुली’ तेवढं मला कळत होतं. लोक वडी उचलत आणि माझ्याकडे बघून छातीला हात लावत. एका बाईने कागद बघायला मागितला. तिला तो वाचता येत नसावा. तिने फोल्डर दोन्ही हातांनी घेतलं, शिक्क्याकडे जरा वेळ बघितलं, आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

त्या कागदावर लिहिलं होतं की मी अमुक ते अमुक तारखेपर्यंत ‘समाधानकारक’ काम केलं.

मी मूळची दातांची डॉक्टर. बीडीएस झाल्यावर दोन वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात रूट कॅनाल करून कंटाळले, बँकेचं कर्ज काढलं आणि सार्वजनिक आरोग्य शिकायला जर्मनीला गेले. तिथे दुसऱ्या सत्रानंतर इंटर्नशिप सक्तीची. वर्गातल्या निम्म्या मुलांनी कार्यालयं निवडली. मी निर्वासितांची छावणी निवडली, कारण मला कार्यालयाचा कंटाळा होता आणि, आता लपवण्यात अर्थ नाही, बायोडेटात ते उठून दिसलं असतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “कॅम्पात जायला एवढ्या लांब कशाला गेलीस? इथून रिक्षाने वीस मिनिटं.” आमच्याकडे कॅम्प म्हणजे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत उतरवलं, १९४९ साली त्या वस्तीला नवं नाव मिळालं, पण पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच असंच सांगतात. माझ्या ताईच्या लग्नाचा बस्ता कॅम्पातला, माझी पहिली जीन्स कॅम्पातली, घरातला सोफाही. आजी मात्र दुकानदाराला पाठीमागे ‘निर्वासित’ म्हणायची. तिच्या तोंडी तो शब्द शिवीच्या जरा अलीकडे थांबायचा. त्या बराकींत पहिल्या पावसाळ्यात लहान मुलांना काय झालं असेल, खरजेला कोणतं मलम मिळत असेल, पाण्याची रांग केवढी असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. भूमध्य समुद्रातल्या बेटावर जाऊन सुचलं.

मोरिया बांधलं होतं सुमारे तीन हजार माणसांसाठी. मी गेले तेव्हाच आकडा त्याच्या खूप पुढे गेला होता आणि मी निघेपर्यंत तो जवळपास दुप्पट झाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी बेटाच्या उत्तर किनाऱ्याला एकापाठोपाठ तेरा रबरी बोटी लागल्या, पाचशेहून जास्त माणसं. कुंपणाच्या आत जागा नव्हती म्हणून छावणी बाहेरच्या ऑलिव्हच्या बागेत पसरली: लाकडी पॅलेट, ताडपत्री, करड्या रंगाचे ते सगळीकडे सारखेच दिसणारे ब्लँकेट, आणि हे सगळं बांधून ठेवणारे प्लास्टिकचे पट्टे. परीक्षेत मी मानकं घडाघडा लिहिली होती. माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी, वीस जणांमागे एक संडास, अडीचशे जणांमागे एक नळ. पूर्ण गुण मिळाले होते. बागेत पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात नळ मोजायला लागले आणि चौथ्या वळणावर सोडून दिलं.

आमचा दवाखाना म्हणजे दोन कंटेनर आणि मध्ये एक तंबू. माझं काम केसपेपर काढणं, नंबराच्या चिठ्ठ्या वाटणं आणि रात्री सगळं संगणकात भरणं. दुभाषा होता एकोणीस वर्षांचा गझनीचा मुलगा, स्वतःही अर्जदार. तो मला दरी, म्हणजे अफगाणांची फारसी, शिकवायचा आणि मी त्याला दाखवायचे की यातलं अर्धं आमच्याकडेही आहे. जखम, कागद, तारीख, अर्ज, दप्तर, जामीन, हप्ता. गंमत वाटायची आधी. पण ओळखीचे शब्द जास्त फसवतात. मी एका बाईला ‘दवाखाना इथेच’ म्हटलं, तर ती औषधांची पिशवी मागू लागली. त्यांच्याकडे दवाखाना म्हणजे औषधाचं दुकान. मी एकदा पोराच्या बापाला हातवारे करून विचारलं, ‘आजार? आजार?’ आणि तो मागे सरकला. दुभाष्याने मला बाजूला घेतलं. “आजार म्हणजे कुणीतरी छळणं. तू त्याला विचारते आहेस, पोराला कोण छळतं?” आपण मराठीत त्या शब्दाला ताप-खोकल्यावर बसवलं. तिथे तो मूळ अर्थाने पडून होता, आणि खरं सांगायचं तर त्या तंबूत तोच अर्थ जास्त लागू पडत होता.

निम्मे रुग्ण खरजेचे. मलम सोपं आहे: मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे आणि पांघरुणं गरम पाण्यात धुवायची, नाहीतर पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवायची. हे मी दिवसाला वीसदा सांगायचे. एका बाईने शांतपणे विचारलं की सहा जणांच्या चार ब्लँकेटांची पिशवी बांधली तर तीन रात्री पोरांच्या अंगावर काय घालू, आणि सकाळची आंघोळ कुठे. दुभाष्याने भाषांतर केलं आणि दोघंही माझ्याकडे बघत राहिली. आजीने असल्या वेळी करंजाचं तेल काढलं असतं, कडुलिंबाचा पाला उकळला असता, आणि पोराला अंगणात उभं करून चोळलं असतं. पण त्यालाही अंगण आणि घंगाळ लागतं. मी पुढचा नंबर पुकारला.

तिथे सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतले कागद. पैसे भिजले तरी चालतील, कागद नाही. २०१६च्या मार्चमध्ये युरोपने तुर्कस्तानाशी करार केल्यापासून बेटावर उतरलेल्या माणसाला निकाल लागेपर्यंत बेट सोडता येत नव्हतं. अपवाद होता तो ‘असुरक्षित’ ठरलेल्यांचा: गरोदर बायका, एकटी मुलं, छळ सोसलेले, गंभीर आजारी. तो शिक्का मिळाला की अथेन्सकडे जायची वाट उघडायची. त्यामुळे दवाखान्यात रोज एक प्रश्न यायचा, तो मला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवला नव्हता. एक नवरा-बायको काबूलहून एक्स-रे घेऊन आले होते, चार पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने सील करून. ती फिल्म समुद्र ओलांडून आली होती. डॉक्टरबाईंनी बराच वेळ ऐकलं, तपासलं, आणि सांगितलं की हृदयाची झडप बिघडलेली दिसते, मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल, बहुधा शस्त्रक्रिया. नवऱ्याने दुभाष्याला काहीतरी विचारलं. दुभाष्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, “तो विचारतो, हा आजार पुरतो का?” पुरेल असं दिसलं तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की बोर्डाचा निकाल लागलेल्या पोराचा उजळावा. बायको, जिची झडप, ती चपलेच्या टोकाने तंबूतली माती उकरत होती.

त्याच जुलैत ग्रीसमध्ये नवं सरकार आलं आणि आठवडाभरात नव्या अर्जदारांना आरोग्यविम्याचा नंबर देणं थांबलं. आम्का म्हणायचे त्या नंबराला. छावणीतल्या चार वर्षांच्या पोरालाही हा शब्द यायचा. नंबर नाही तर सरकारी खर्चाने औषध नाही. फिट येणाऱ्या एका मुलीच्या बापाला आम्ही चिठ्ठी लिहून दिली. दोन दिवसांनी तो तीच चिठ्ठी, तशीच घडी घातलेली, परत घेऊन आला. पुढे काही महिन्यांनी दुसरा नंबर सुरू झाला म्हणे. तोवर मी जर्मनीत हीटर लावून त्यावर निबंध लिहीत होते.

मला सगळ्यांचे दात दिसायचे. सवयच ती. माणूस बोलायला लागला की माझं लक्ष दुसऱ्या दाढेकडे. एक हेराती माणूस गाल सुजवून तीन दिवस रांगेत येत होता. मला दारातूनच कळलं होतं की गळू आहे, ती दाढ गेलीच पाहिजे. पण तिथे मला परवाना नव्हता, आणि विद्यार्थ्याने आपल्या वकुबाबाहेरचं काम करायचं नाही हे पहिल्या दिवशी सही करून घेतलं होतं. नियम योग्य आहे. किती योग्य आहे ते मला नियम करणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी आमचा कोटा असायचा, इतक्या दाढा काढल्या, इतक्या कवळ्या केल्या, तरच सही. पेशंट कमी पडले की आम्ही स्टेशनबाहेरून हमाल, रिक्षावाले, भाजीवाल्या गोड बोलून आणायचो, केसपेपरचे पैसे खिशातून भरायचो. माझी एक दाढ कमी पडत होती. भाजीवाल्या मावशी आल्या, दाढ दुखतेय म्हणाल्या. ती वाचली असती. दोन-तीन फेऱ्या लागल्या असत्या, पण वाचली असती. मी भूल दिली आणि काढली. मावशींनी तोंडात कापूस धरून, हात जोडून, ‘डॉक्टर मोठी हो’ असं काहीतरी पुटपुटलं. सही मिळाली.

लेस्बॉसमध्येही एक आकडा होता. प्रबंधासाठी साठ प्रश्नावल्या. शेवटच्या आठवड्यात अठ्ठावन्न झाल्या होत्या. प्रश्न साधेच, झोप किती लागते, भूक लागते का, दवाखान्यात किती वेळ थांबावं लागतं. एका रकान्यात मनःस्थिती लिहायची होती. लोक ‘जिगर-खून’ म्हणायचे, काळजाचं रक्त, आणि मी एक ते पाचमधला आकडा विचारायचे. आधी संमतिपत्र वाचून दाखवायचं, त्यात एक वाक्य असतंच: या अभ्यासाचा तुम्हाला थेट काही फायदा होणार नाही. दुभाष्याला ते इतकं पाठ झालं होतं की तो ते गाण्यासारखं म्हणायचा. एकोणसाठावी बाई आदल्याच दिवशी उतरली होती. घोट्यांवर समुद्राचं मीठ वाळून पांढरं झालं होतं. थांबायला हवं होतं. मी खुर्ची ओढली. ‘थेट फायदा नाही’ हे ऐकून तिने मान डोलावली, ‘बरं’ अशा अर्थाने, आणि चौदाच्या चौदा प्रश्नांची उत्तरं दिली. साठावी तिची जाऊ.

दुभाष्याला मी एकदा विचारलं होतं की माझ्याआधी असे किती इंटर्न आले. तो बोटांवर मोजून म्हणाला, “तू एकोणिसावी.” चौदा महिन्यांत एकोणीस जणांना त्याने नळ कुठे, रांग कुठे, कुठल्या म्हाताऱ्याला आधी बसवायचं हे शिकवलं होतं, आणि प्रत्येकाला बसथांब्यापर्यंत सोडलं होतं. छावणीतली पोरं नवा चेहरा दिसला की ‘हॅलो माय फ्रेंड’ म्हणून हाताला लटकायची. आठवड्याभरात नाव पाठ, महिन्याभरात विसरलेलं. आमच्यात मात्र तक्रारी वेगळ्याच. बिनपगारी राबवतात, भाडं परवडत नाही. तक्रार खोटी नाही. २०१५ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका बिनपगारी इंटर्नने तंबूत मुक्काम केला तर जगभर बातमी झाली होती. मी ती बातमी कर्जाचा हप्ता मोजत मोठ्या रागाने वाचली होती. मोरियात ती पुन्हा आठवली तेव्हा तंबू या शब्दापाशीच अडकले. दुभाष्याने जाताना एवढंच विचारलं, “तुझ्या पुस्तकात माझं नाव येईल?” मी हो म्हटलं. पण त्याच्या सुरक्षिततेसाठी नाव देता येत नव्हतं, नियम होता. प्रबंधात ‘दुभाष्यांचे आभार’ असं छापलं आहे, अनेकवचनात.

बस आली. म्हाताऱ्याने डबा परत दिला, तळाशी दोन वड्या शिल्लक ठेवून, वर अर्धा नान. तो चढला नाही. त्याला कुठे जायचंच नव्हतं. संध्याकाळी थोडा वेळ फाटकाबाहेर येऊन उभा राहत असावा. मितिलिनीच्या धक्क्यावर समोर तुर्कस्तानचा किनारा दिसत होता, दिवे लागत होते. पर्यटकांसाठी दीड तासाची बोट होती तिकडे जायला-यायला, तिकीट काही युरोंचं. बोटीत चढताना पोलिसाने रांगेतून नेमकं मलाच बाजूला घेतलं. मी नकळत फोल्डर पुढे केलं. त्याने ते बघितलंही नाही. पाकिटातलं जर्मनीचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड दाखवलं, त्याने ते उलटसुलट केलं, आणि एका मिनिटात मी आत. नान रात्री डेकवर बसून खाल्ला. गार झाला होता, चिवट, पण चांगला होता.

सप्टेंबर २०२०मध्ये मोरिया जळालं तेव्हा मी कल्याणला होते. फोनवर बातम्यांचे तुकडे बघत होते. बारा हजारांवर माणसं रस्त्यावर, पोरं कडेवर, डोक्यावर करडी ब्लँकेटं. एका चित्रात तो बसथांबा ओझरता दिसला असं वाटलं. मी ते मागे-पुढे करत आठ-दहा वेळा बघितलं. म्हातारे पुष्कळ होते.

आता अधूनमधून कुणी ओळखीतून फोन करतं, मुलीला परदेशात असंच काही करायचं आहे, काय करू. क्लिनिकल एक्स्पोजर मिळतं का, सर्टिफिकेट कुणाच्या सहीचं असतं. मी सगळं नीट सांगते. भाषा शीक, बूट चांगले घे, दहा आठवड्यांऐवजी सहा महिने थांबता आलं तर बघ. परवा एकीने विचारलं, “मॅम, तुमचं सर्टिफिकेट बघायला मिळेल का?” म्हणून कपाट उघडलं. आईने ते स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं आहे, कडेने थोडी हवा राहिली आहे, नेमकी शिक्क्याच्या वर. फोटोत शिक्का नीट येईना.

पहिल्यांदा घरी आले होते तेव्हा आईने सॅक रिकामी करताना सगळ्यात आधी डबा शोधला. आमच्या घरात माणूस उशिरा आला तर चालतं, डबा हरवून चालत नाही.

“सगळा संपवलास? तुला तर आलेपाक आवडत नाही.”

“वाटला.”

“कशाबद्दल?”

“सर्टिफिकेट मिळालं म्हणून.”

“बरं केलंस,” आई म्हणाली, आणि डबा घासायला घेऊन गेली.